परसातले तळे आणि त्याचा जमाखर्च

तळ्यात वेखंड लावले की पाणी स्वच्छ राहते का, असे विचारणाऱ्याला बाजारात दोन उत्तरे मिळतात. रोपवाटिकेचा मालक ‘राहते’ म्हणतो, पंप आणि फिल्टर विकणारा ‘राहत नाही’ म्हणतो, आणि दोघांचेही पोट आपापल्या उत्तरावर आहे. या विषयाचा अभ्यासक मात्र उत्तर देण्याआधी उलट विचारतो : माशांना रोज किती खायला घालता, आणि वेखंड वाढल्यावर त्याचे काय करता? ऐकणाऱ्याला वाटते, गडी टाळाटाळ करतोय. तो टाळाटाळ करत नाही, हे दाखवणे आणि त्या निमित्ताने नव्या वाचकाला या विषयात आत घेणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम.

आत गर्दी बरीच आहे. सरोवरांचे अभ्यासक आहेत, सांडपाण्याचे अभियंते आहेत, सूक्ष्मजीवशास्त्राची मंडळी आहेत, ॲक्वेरियमचे वेड लागलेले आहेत आणि ज्यांना दारात फक्त चार कमळे फुललेली बघायची आहेत असे बागप्रेमीही आहेत. अभियंता ‘भार किती’ असे विचारतो, ॲक्वेरियमवाला ‘टाकी सायकल झाली का’ असे विचारतो आणि माळी ‘पाणी वास मारतंय’ एवढेच सांगतो. तिघे बोलत असतात एकाच गोष्टीबद्दल. पदवी कुणाकडेही मागितली जात नाही. वजनकाटा आणि धीर मात्र लागतो.

आधी डोळ्यांसमोर एक तळे ठेवू. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. म्हणजे ८० घनफूट, सुमारे सव्वादोन हजार लिटर पाणी. तळाशी प्लास्टिकचे जाड अस्तर किंवा सिमेंट, आत सहा गोल्डफिश, एका बाजूला कुमुदाची कुंडी. पुण्या-नाशकाकडच्या बंगल्याच्या परसात, कोकणातल्या घराच्या मागीलदारी किंवा सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यात बसेल असा आकार. अशा तळ्याला ओढा येऊन मिळत नाही आणि त्यातून पाणी वाहूनही जात नाही. जे आत पडते ते आतच राहते. सगळी भानगड इथून सुरू होते.

पाण्यातली घाण दोन जातींची असते. एक तरंगणारी : माती, विष्ठेचे कण, कुजलेली पाने. ही डोळ्यांना दिसते आणि कापडाने, स्पंजाने गाळता येते किंवा पाणी नुसते स्थिर ठेवले तरी खाली बसते. गावाकडे गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालायची रीत याच घाणीवरचा इलाज होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या दकार्गल अध्यायात विहिरीचे पाणी सुधारण्यासाठी जो योग दिला आहे, त्यातही निवळीच्या फळासोबत नागरमोथा, वाळा आणि आवळा आहेत. वनस्पती आणि पाणी यांची जोडी आपल्याकडे जुनी आहे, हे खरे. पण त्यावरून आजच्या तळ्याचे शास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते असे म्हणण्याची घाई करू नये. निवळी गढूळपणा बसवते. विरघळलेल्या घाणीला तिचा फारसा उपयोग नाही.

ही विरघळलेली घाण दुसऱ्या जातीची. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. पाणी आरशासारखे दिसत असताना मासे त्यात मरू शकतात, ते या अमोनियामुळे. त्याचे विषारीपण पाण्याच्या पीएचवर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. ९ ला तो एक तृतीयांश ओलांडतो. आता यात एक खुबी पाहा. भर उन्हात शेवाळ आणि पाण्याखालच्या वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे दुपारी पीएच आपोआप चढतो. सकाळी निरुपद्रवी असलेले अमोनियाचे प्रमाण दुपारी तीनला घातक ठरू शकते, पाण्यात एक कणही नवीन न पडता. म्हणून अभ्यासक पाणी तपासल्याची वेळ विचारतो. वेळ न लिहिलेली नोंद मी तरी नोंद मानत नाही.

अमोनियाचे पुढे काय होते, हे कीव्हमध्ये जन्मलेल्या सर्गेई विनोग्राद्स्कीने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये काम करताना उलगडले. काही जिवाणू अमोनियापासून नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटपासून नायट्रेट. दोन टप्पे, दोन वेगळे कामगार. हा धडा सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांत तसाच राहिला. मग २०१५ मध्ये दोन संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केले, की नायट्रोस्पायरा वंशातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात. त्यातल्या एका गटाला हे जिवाणू सापडले ते मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीत. म्हणजे माशाच्या टाकीमागे जे उपकरण वर्षानुवर्षे घरघरत होते, त्याच्यातच पाठ्यपुस्तक बदलणारी गोष्ट बसली होती. या विषयात नव्याने येणाऱ्याने उत्साह टिकवण्यासाठी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात. तळ्यातला एखादा गोटा उचलून अंगठा फिरवला तर जो बुळबुळीत, तपकिरी थर लागतो, तिथे त्यांची वस्ती असते. हा थर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे नेमके या काळातच पाणी हिरवे होते, घरातले कुणीतरी अस्वस्थ होते, तळे उपसले जाते आणि गोटे ब्रशने घासून लख्ख केले जातात. पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी पाहिलेली निम्मी बिघडलेली तळी अस्वच्छतेने बिघडलेली नव्हती. ती स्वच्छतेच्या हौसेने बिघडलेली होती.

वनस्पती या कथेत कुठे येतात? त्यांना या व्यासपीठावर आणले एका जर्मन बाईंनी. कॅथे झायडेल प्ल्योनच्या माक्स प्लांक संस्थेत काम करत होत्या. १९५० च्या दशकात त्यांनी पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या गवतांवर घाण पाणी सोडून पाहायला सुरुवात केली आणि ही गवते पाणी सुधारतात असे सांगू लागल्या. सांडपाण्याच्या अभियंत्यांनी सुरुवातीला त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. लोखंड, काँक्रीट आणि मोठमोठे पंखे यांच्या त्या जमान्यात गवताचे नाव काढणे म्हणजे बागकाम. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी हीच कल्पना मातीच्या वाफ्यांत नेली. मुळे वाढत जातील, मातीत वाटा काढतील आणि पाणी त्यातून झिरपत राहील, असे त्यांचे गणित होते. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकात असे पुष्कळ वाफे बांधले गेले. मुळांनी अपेक्षेइतक्या वाटा काढल्या नाहीत आणि पाणी मातीत न शिरता वरून वाहून गेले. तेव्हापासून माती गेली आणि खडी आली. परसातल्या तळ्याच्या बाजूला आज आपण जो खडीचा वाफा करतो, त्यात माती का घालायची नाही, याचे उत्तर त्या फसलेल्या वाफ्यांनी दिलेले आहे.

डेन्मार्कमधल्याच आर्हुस विद्यापीठाच्या हान्स ब्रिक्स यांनी १९९७ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच एक प्रश्न होते : बांधलेल्या पाणथळींमध्ये वनस्पतींची काही भूमिका आहे का? आयुष्यभर वनस्पतींवर काम केलेल्या माणसाने असा प्रश्न जाहीरपणे विचारावा, याला मी या विषयाची प्रकृती ठणठणीत असल्याचे लक्षण समजतो. उत्तर ‘आहे’ असेच होते, पण आपण समजतो तशी नाही. घाण पाण्याचा भार मोठा असला, तर वनस्पती जे शोषून घेतात तो एकूण हिशेबातला लहानसा वाटा असतो. त्यांचे मोठे काम वेगळे : मुळांचा पृष्ठभाग जिवाणूंना राहायला देणे, पाण्याचा वेग कमी करणे, सावली धरणे, आणि पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा नेऊन तिथल्या चिखलात थोडा प्राणवायू झिरपू देणे. कमळाचा देठ आडवा कापून पाहिला तर या हवेच्या नळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कमळकाकडी भाजीसाठी चिरणाऱ्यांनी त्या शेकडो वेळा पाहिल्या असतील.

मग आपल्या तळ्यात वेखंड लावून उपयोग काय? इथे लहान आकार मदतीला येतो. शहराच्या सांडपाण्यापुढे सहा गोल्डफिशचा भार नगण्य आहे. भार कमी असला की वनस्पतींचे शोषण हिशेबात दिसू लागते, आणि पुष्कळशा पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियाच आधी घेतात, हेही पथ्यावर पडते. डायना वॉलस्टॅड यांनी ॲक्वेरियमच्या वनस्पतींवरच्या १९९९ च्या आपल्या पुस्तकात या मुद्द्यावर बराच भर दिला. ज्या वनस्पतींची पाने हवेत असतात त्यांना आणखी एक फायदा मिळतो : कार्बन डायऑक्साइड हवेत पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. म्हणून तरंगणाऱ्या किंवा पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या वनस्पती झपाट्याने वाढतात, आणि पाण्याखालच्या बिचाऱ्या रडतखडत.

नायट्रोजनची एक सोय असते. प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. म्हणजे त्याला तळ्याबाहेर जायची वाट आहे. फॉस्फरसला ती नाही. तो वायू होऊन उडत नाही. तो पाण्यातून पानात, पानातून चिखलात, चिखलातून पुन्हा पाण्यात असा फिरत राहतो. फॉस्फरस किती निर्णायक आहे, हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या वायव्येकडच्या एका तळ्याने जगाला दाखवले. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचे, मध्ये कमरेसारखे अरुंद होणारे तळे निवडले आणि त्या अरुंद जागी प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्या भागात ते दोन्ही, शिवाय फॉस्फरस. १९७३ मध्ये विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या एका बाजूला काळेभोर पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला शेवाळाचा हिरवा लेप. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असावे की नसावे, हा वाद तेव्हा जोरात होता. त्या एका छायाचित्राने जे केले ते अहवालांच्या गठ्ठ्यांनी झाले नसते.

आता आपल्या तळ्याची वही उघडू. सहा गोल्डफिश, प्रत्येकी ५० ग्रॅमचे धरू. रोज तीन ग्रॅम खाद्य म्हणजे महिन्याला साधारण १०० ग्रॅम. खाद्यात ३२ टक्के प्रथिने असतील तर त्यात पाच ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असतो. माशाच्या अंगी त्यातला पावभाग लागतो. उरलेला पाऊणभाग, म्हणजे पावणेचार ग्रॅम, पाण्यात येतो. फॉस्फरस खाद्यात एक टक्का धरला तर महिन्याला एक ग्रॅम येतो आणि त्यातला सुमारे ०.७ ग्रॅम तळ्यात राहतो. ही झाली जमा. आता खर्चाची बाजू. जलपर्णीसारख्या रसरशीत वनस्पतीत ९५ टक्के पाणीच असते, म्हणून एक किलो ओल्या पाल्यात कोरडा भाग ५० ग्रॅम. त्यात अडीच टक्के नायट्रोजन आणि ०.४ टक्के फॉस्फरस धरा. म्हणजे एक किलो पाला सव्वा ग्रॅम नायट्रोजन आणि ०.२ ग्रॅम फॉस्फरस बाहेर नेतो. भागाकार केला की कळते : वही जुळवायची तर महिन्याला तीन ते साडेतीन किलो ओला पाला तळ्याबाहेर गेला पाहिजे. आकडे ढोबळ आहेत, खाद्यागणिक आणि वनस्पतीगणिक बदलतील. पण महिन्याला मूठभर की टोपलीभर, या प्रश्नाचे उत्तर टोपलीभर असे आहे.

मला या विषयाबद्दल जे सांगायचे आहे ते या हिशेबात आले. वनस्पती तळ्यातली घाण नाहीशी करत नाहीत. त्या ती आपल्या अंगात साठवतात. पान पिकून पाण्यात गळले की साठवलेले परत पाण्यात, आणि मऊ पाने तर दोन-तीन आठवड्यांतच बरेचसे परत देऊन टाकतात. खरी गाळणी म्हणजे कात्री. वेखंड लावणारा आणि कधीच न कापणारा माणूस फक्त घाण साठवायची जागा वाढवतो आहे. अतिनील दिव्याचेही तेच. हिरवे पाणी त्याने चार दिवसांत निवळते, शेवाळ मरते, पण मेलेल्या शेवाळातला फॉस्फरस तिथेच खाली बसून पुढच्या हंगामाची वाट पाहतो.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही, निदान जुन्या घरांत तरी. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, कर्दळ आणि एखादी केळ असायचीच. अळूची पाने दर आठवड्याला वडी-फतफत्यासाठी कापली जात. शोषण आणि कापणी दोन्ही त्या वाफ्यात आपोआप घडत होती, कुणी त्याला पद्धत म्हणत नव्हते. याच तत्त्वावर, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, पूर्व कोलकात्याच्या पाणथळी चालतात. तिथे शहराच्या सांडपाण्यावर मासळी आणि भाजीपाला होतो. साडेबारा हजार हेक्टरचा हा पट्टा २००२ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, आणि तो काय आहे हे जगाला समजावण्यात ध्रुवज्योती घोष या अभियंत्याचे आयुष्य गेले. तिथेही मलिद्याचा निकाल लागतो तो बाजारात : मासा विकला जातो, भाजी विकली जाते, आणि त्यांच्यासोबत पोषकद्रव्ये तळ्याबाहेर जातात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेची सांडपाणी सुधारण्याची ‘फायटोरिड’ पद्धतही खडीचे वाफे आणि पाणवनस्पती यांच्यावरच उभी आहे.

उलट उदाहरण आपल्या नद्यांत आहे. मुळा-मुठा, पवना, पंचगंगा यांच्यावर उन्हाळ्यात जी हिरवी चादर पसरते, ती जलपर्णी, कोल्हापूरकडचे केंदाळ, मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. नदीतले सांडपाणी ती खरोखरच शोषते, पण वेळेवर काढली नाही तर तिथेच कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. घरच्या तळ्यात तिचा उपयोग करायचा असेल तर एक अट : तिचा एक तुकडाही ओढ्यात, नाल्यात, विहिरीत जाता कामा नये. काढलेली जलपर्णी नारळाच्या आळ्यात किंवा कंपोस्टात घालावी. ज्यांच्या तळ्याचे पावसाळ्यात पाणी बाहेर वाहते त्यांनी तिच्या वाटेलाच जाऊ नये. गोंडाळालाही हाच नियम.

खडीचा वाफा कसा असतो, हे थोडे जवळून पाहू, कारण पुस्तकी आकृत्यांत तो फार सोपा दिसतो. तळ्याच्या कडेला, तळ्याच्या पृष्ठभागाच्या दहा ते तीस टक्के आकाराचा एक उथळ कप्पा. मासे थोडे असतील तर दहा पुरे, कोई म्हणजे मोठे रंगीत कार्प असतील तर तीस. तळाशी भोके पाडलेला पीव्हीसी पाइप, त्यावर एक फूट जाडीची वाटाण्याएवढी खडी, धुऊन घेतलेली. पंप तळ्यातले पाणी पाइपात ढकलतो, पाणी खडीतून हळूहळू वर येते, मुळांमधून जाते आणि काठावरून पुन्हा तळ्यात पडते. पाण्याची दिशा खालून वर असण्यात शहाणपण आहे : गाळ खाली अडतो आणि वरची खडी तुंबत नाही. पाइपाचे दुसरे टोक जमिनीच्या वर काढून त्याला टोपी घालावी, म्हणजे वर्षातून एकदा टोपी काढून आतला काळा गाळ धुऊन टाकता येतो. ज्यांनी हे टोक ठेवले नाही त्यांना तीन-चार वर्षांनी अख्खा वाफा उपसावा लागतो. कोकणात खडीऐवजी जांभ्याचे तुकडे वापरले तर एक जास्तीचा लाभ : जांभ्यातले लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट धरून ठेवतात. ती जागा कधीतरी भरते, हे मात्र विसरू नये.

कोणती वनस्पती लावावी, यावर लोक तासन्तास बोलतात. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. कर्दळ आणि अळू झपाट्याने वाढतात, वारंवार कापून घेतात, नवशिक्यासाठी उत्तम. वेखंड सावकाश वाढते पण वर्षानुवर्षे टिकते. वाळ्याची मुळे तराफ्यावर लावली तर पाण्यात झुपकेदार वाढतात. पाणकणीस मोठ्या जागेत ठीक. लहान तळ्यात त्याचे टोकदार कंद प्लास्टिकचे अस्तर फोडतात. कुमुदाबद्दल एक गैरसमज आहे. ते मुख्यतः कुंडीतल्या मातीतून अन्न घेते, पाण्यातून फार कमी. त्याचा खरा उपयोग सावलीचा. बाकी कोई आणि मोठे गोल्डफिश मुळे उकरतात आणि पाण्याखालची पाने फस्त करतात, तेव्हा आधी मासे ठरवावेत आणि मग वनस्पती.

पुस्तकांमधले बहुतेक आकडे थंड देशांतून आलेले आहेत. तिथे हिवाळ्यात वनस्पती मरतात आणि सगळा विचार त्याभोवती फिरतो. आपली कसोटी मे महिन्यात असते. पाण्याचे तापमान ३० अंशांवर गेले की एका लिटरमध्ये साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो; २० अंशांना नऊ मावत होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून तिथे आणखी थोडा कमी. रात्री वनस्पतीही श्वास घेतात, त्यामुळे सर्वांत वाईट घटका पहाटेची. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर समजावे की वनस्पती जास्त झाल्या आहेत किंवा पंप रात्री बंद केला जातो आहे. वीजबिल वाचवण्यासाठी पंप रात्री बंद करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बंद करायचाच असेल तर दुपारी करा.

पाण्याच्या जडपणाचेही तसेच. देशावर, बेसॉल्टच्या भागात, बोअरचे पाणी बहुधा जड असते. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले तर आपल्या तळ्यातून रोज तीस लिटर जाते, आणि त्या जागी बोअरचे पाणी भरत राहिलो की क्षार साचत जातात. पीएच चढा राहतो आणि अमोनियाचा धोका वाढतो. कोकणात उलटे : पाणी मऊ, पावसाळ्यात आणखी मऊ. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातली आम्ल पेलण्याची क्षमता खातात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे चुनखडीच्या हिशेबात सात ग्रॅम. ती संपली की पीएच घसरतो आणि जिवाणूंचे कामच थंडावते. रत्नागिरीत शिंपल्यांची एक पिशवी वाफ्यात ठेवली तर हा प्रश्न बराचसा मिटतो. तीच पिशवी अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) बोअरच्या पाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही. म्हणून एका गावचा सल्ला दुसऱ्या गावी जसाच्या तसा नेऊ नये.

डासांबद्दल थोडक्यात. डेंग्यूचा डास साठलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे शेजाऱ्यांची आणि महापालिकेच्या माणसांची तळ्याबद्दलची तक्रार अनाठायी नाही. हलते पाणी आणि अळ्या खाणारे मासे असलेले तळे मात्र सहसा डासांचे घर होत नाही. पालिकेकडून मिळणारे गप्पी चालतात. पण पावसाळ्यात तळ्याचे पाणी ओढ्याला मिळत असेल तर आपला देशी पिकू केव्हाही बरा. वाफ्यावर पाणी साचू देऊ नये, ते खडीच्या थोडे खालीच राहावे. आणि कुंडीखालच्या बशा रिकाम्या कराव्यात, त्या तळ्यापेक्षा जास्त घातक असतात.

या विषयात अजून मोकळे रान कुठे आहे, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न सुचवतो. मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उथळ तळ्यांबद्दल मांडले, की पोषकद्रव्ये तेवढीच असूनही तळे दोन अवस्थांत स्थिर राहू शकते : निवळ पाणी आणि भरपूर वनस्पती, किंवा हिरवे पाणी आणि वनस्पती नाहीत. एका अवस्थेतून दुसरीत जायला धक्का लागतो आणि परत यायला त्याहून मोठा. हे सिद्धान्त युरोपातल्या तळ्यांवर उभे राहिले. वर्षातून एकदा मोसमी पावसाने धुऊन निघणाऱ्या आणि मे महिन्यात अर्धे आटणाऱ्या सव्वादोन हजार लिटरच्या तळ्यात ते कसे वागतात, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. परस पुरते.

म्हणून वाचकांना एक विनंती. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि एक वही करा. डावीकडे तळ्यात घातलेल्या खाद्याचे वजन, उजवीकडे तळ्यातून काढलेल्या पाल्याचे वजन, सोबत तारीख, वेळ, पाण्याचे तापमान आणि पाऊस झाला का ते. वनस्पतीचे नाव आपल्या गावी जे म्हणतात तेच लिहा, खाली जमल्यास शास्त्रीय नाव. एक वर्ष पूर्ण झाले की वहीची प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या. बारा महिन्यांची अशी वही घेऊन आलेल्या माणसाला कुठलाही खरा अभ्यासक दारातून परत पाठवणार नाही.